गॅस भरण्याआधी

गळ्यातलं कार्ड बोटांत फिरवताना प्लास्टिकच्या पाकिटातूनसुद्धा त्या जाड, खरखरीत कागदातल्या बारीक बिया तिच्या बोटांना लागत होत्या – हे कार्ड कुंडीत पेरा, फुलं येतील, असं खाली हिरव्या अक्षरांत छापलेलं – आणि प्लास्टिक कशासाठी, तर बहुधा बिया भिजू नयेत म्हणून. तिला हसू आलं. घरी गेल्यावर हे नवऱ्याला सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं. तिने परिषदेला यायचं कबूल केल्यापासून तो अशाच मालाची वाट बघत होता.

व्यासपीठावर कुठल्याशा कंपनीचे मोठे साहेब उद्योग आणि शाश्वत भविष्य यांवर बोलत होते. त्यांच्या मागच्या पडद्यावर एक ओंजळ, ओंजळीत माती, मातीत रोप... गेली कित्येक वर्षं ती हेच रोप बघत आली होती. कोणी ते लावूनही टाकत नव्हतं आणि मरूही देत नव्हतं. पुढच्या रांगांत लोक कोट ओढून बसले होते, आणि मागे, जिथे ती होती, तिथे सगळे कार्यक्रमपत्रिकेने वारा घेत होते. मागच्या बाजूच्या एसीचं मशीन छतापलीकडे चालू होत होतं, बंद पडत होतं, लगेच पुन्हा चालू होत होतं. गॅस कमी झालाय, कुठेतरी गळतोय. हे ऐकू येणं तिला बंद करता येत नसे; कोणाच्या घरी जेवायला गेली तरी माणसांच्या आधी तिला त्यांचा फ्रिज ऐकू येई.

शहरभर पसरलेल्या किराणा दुकानांची एक कंपनी, आणि त्या दुकानांतले सगळे फ्रिज, सगळ्या कोल्ड रूम तिच्या ताब्यात. म्हणून ऑफिसात तिला थंडीताई म्हणत. कोल्ड रूम थंड होईनाशी झाली की दुकानाचा मॅनेजर फोनवर बोंब मारी – दूध नासतंय, मांस नासतंय – आणि मेकॅनिक जाऊन गॅस भरून येई. भरा आणि निघा. गळती शोधायची तर मशीन बंद ठेवायला हवं, एकेका सांध्याला साबणाचा फेस लावून बुडबुडा कुठे येतो ते बघत बसायला हवं, आणि तोवर माल ठेवायचा कुठे? मग नंतर बघू. नंतर म्हणजे पुन्हा थंडावा कमी होईल तेव्हा, आणि तेव्हाही भरा आणि निघा... सगळ्या धंद्याची रीतच अशी. हा गॅस दिसत नाही, त्याला वास नाही, आणि एक सिलिंडर हवेत गेलं की एखादी मोटार वर्षानुवर्षं धावून करील तेवढं नुकसान होतं. हे तिला माहीत होतं, तिच्या साहेबांना माहीत होतं, व्यासपीठावरच्या गृहस्थांनाही बहुधा माहीत असावं. सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि तिला थकवा आला होता तो त्याचाच.

महिनाअखेर ती नोकरी सोडणार होती. उद्या सकाळी साहेबांना सांगायचं, एवढंच उरलं होतं. त्यांना अंदाज होताच; म्हणून तर 'जाता जाता जरा मिरवून या' म्हणत त्यांनी ही परिषद तिच्या गळ्यात मारली होती.

नवरा भूगोल शिकवायचा, आता निवृत्त. संध्याकाळी ती घरी आली की गॅलरीत दोन खुर्च्या, चहा, आणि त्याचा ठरलेला प्रश्न – आज काय बुडालं? मग तो पेपरातलं सांगे, कुठलं बेट, कुठलं जंगल, आणि ती ऑफिसातलं सांगे, आणि दोघं अगदी मजेत, जणू शेजाऱ्यांच्या भानगडी चघळाव्यात तसं, जगाचं काही खरं नाही या निष्कर्षापर्यंत येऊन पोचत. लग्नानंतरची काही वर्षं त्यांना एकमेकांशी काय बोलावं ते कळत नसे. मुलगी घरात होती तोवर तिच्याविषयी बोलता यायचं. ती लांब नोकरीला गेली आणि मग हे सापडलं... इतकं बरं काही त्यांच्यात पूर्वी नव्हतं, हे तिला मान्य करायलाच हवं होतं. आता उंचावरच्या एका गावात लहानसं घर बघून ठेवलेलं होतं. तो खिडक्यांची मापं घेऊन आला होता. 'आपल्या हातात काही नाही ना, मग आपण आपलं बघू,' असं तो म्हणे, आणि ते ऐकताना तिला मांडीवर पांघरूण घातल्यासारखं वाटे.

जेवणानंतर पुन्हा त्या उकाड्यात जाऊन बसणं तिच्या जिवावर आलं. हवा लागावी म्हणून ती व्हरांड्यातून चालत गेली, तर टोकाच्या एका लहान खोलीची खिडकी उघडी दिसली. खोलीत खुर्च्या गोल मांडून थोडी माणसं बसली होती. पडदा नव्हता. ती दाराजवळच्या खुर्चीवर टेकली, आणि मधला टक्कल पडलेला माणूस बोलायला लागताच त्याचा आवाज तिने ओळखला. दुसऱ्या दुकानांच्या कंपनीत तिच्याच जागेवर असलेला हा माणूस. तिचा सगळ्यात चांगला मेकॅनिक यानेच पळवला होता, आणि तेव्हा तिने त्याला फोनवर नाही नाही ते ऐकवलं होतं. उठून जावं असं तिला वाटलं, पण खिडकीतून वारा येत होता.

"सांगतो ते फार मोठं नाही," तो म्हणत होता. "आम्ही एकच नियम केला. लिकेज सापडून बंद होईपर्यंत गॅस भरायचा नाही. कोणी कितीही ओरडलं तरी नाही."

"आणि माल?" कोणीतरी विचारलं.

"पहिल्या उन्हाळ्यात नासला. माझी नोकरी जायची वेळ आली होती. मग रस्त्यापलीकडे दुसऱ्या कंपनीचं दुकान आहे, तिथल्या माणसाला जाऊन म्हटलं, बाबा, उद्यापर्यंत तुझ्या कोल्ड रूममध्ये जागा दे. तुझं बंद पडलं की माझ्याकडे ये."

"दिली त्यांनी?"

"दिली. वरच्यांना विचारलंच नाही आम्ही. विचारलं असतं तर अजून बैठका चालू असत्या." लोक हसले. "आता आमच्या दुकानांतली गळती पूर्वीच्या पावपटीवर आलीय. वरच्यांना पृथ्वीचं काही पडलेलं नाही, हेही सांगून ठेवतो. गॅस कमी विकत घ्यावा लागतो, म्हणून चालू ठेवलंय त्यांनी."

आणि मग भांडण सुरू झालं. दूध कंपनीतली एक बाई म्हणाली, आमच्या थंड गाड्या दुपारभर रिकाम्या उभ्या असतात, त्या घ्या की. एक जाडा गृहस्थ म्हणाला, मांस आणि दूध एकत्र ठेवलेलं मी खपवून घेणार नाही. क्रेट सगळ्यांचे निळेच, मग कोणाचा कुठला ते कळणार कसं? माल खराब झाला तर जबाबदार कोण? आवाज चढले. कोणी भविष्य म्हणत नव्हतं, कोणी शाश्वत म्हणत नव्हतं. सगळे क्रेटवरून भांडत होते. असं भांडण तिने फक्त सामान हलवताना ऐकलं होतं, जेव्हा जायचं हे ठरलेलंच असतं आणि प्रश्न उरतो तो कपाट कुठून न्यायचं एवढाच...

"दुकान बंद झाल्यावर किल्ली कोणाकडे राहणार?"

सगळ्यांनी वळून बघितलं, तेव्हा बोललो ते आपणच, हे तिच्या लक्षात आलं.

"आमचे मॅनेजर किल्ली घरी घेऊन जातात," ती म्हणाली. "संध्याकाळनंतर बिघाड झाला तर पलीकडची कोल्ड रूम उघडणार कोण?"

"तिथेच तर आमचाही घोळ होतो," तो टकल्या म्हणाला. त्याने खुर्ची तिच्याकडे वळवली. "सांगा, तुमच्याकडे काय करता येईल?"

तिने सांगितलं. बराच वेळ बोलली. जाड्या गृहस्थाने मध्ये तोंड घातलं तेव्हा त्याला गप्पही केलं. पाय बधिर असतो तोवर काही त्रास नसतो, रक्त परत यायला लागलं की मुंग्या येतात, नको नको होतं – तसं काहीतरी तिला छातीत होत होतं, आणि ते थांबावं असं तिला मनापासून वाटत होतं.

निघताना तो दाराशी आला. "तुमचा माणूस मी पळवला. तेव्हाचं तुमचं बोलणं अजून विसरलो नाही."

"मीपण."

"पुढच्या महिन्यात आपल्या समोरासमोरच्या दुकानांत सुरुवात करू या? तुमच्याकडून कोण असेल?"

मी नसेन, मी नोकरी सोडतेय – एवढं साधं वाक्य. "बघते," ती म्हणाली.

बाहेर ऊन तसंच होतं. बसथांब्यावर सावली नव्हती, आणि रस्त्याच्या कडेच्या झाडांची पानं भाजल्यासारखी कडांना तपकिरी झाली होती. ती स्वतःला समजवायला लागली. दोन-चार कंपन्यांची दुकानं, त्यांतले फ्रिज... आणि समोर समुद्र चढतायत, डोंगर जळतायत. अगं, याने काय होणार? प्रत्येक मुद्दा बरोबर होता. नवऱ्याने मांडले असते तेच मुद्दे, त्याच क्रमाने. पण रोज संध्याकाळी ज्या जागी हे मुद्दे सुखाने जाऊन बसत, तिथे आज बसायलाच तयार नव्हते. त्यांच्यामधून तिला ती दुकानं दिसत होती, समोरासमोरची, आणि मधला रस्ता, आणि ट्रॉली पलीकडे नेताना लागणारा उंचवटा, तिथे एक फळी टाकायला हवी. तिला त्या टकल्याचा राग आला. इतकी वर्षं कुठे होतास, आणि नेमका आज, सगळं आवरून झाल्यावर उगवलास? आणि रागाच्या खाली, स्पष्टच सांगायचं तर, तिला आनंद झाला होता. तिला त्याची लाज वाटत होती.

फोन वाजला. नवरा.

"काय म्हणतंय जग? बुडतंय ना वेळेवर?"

"हो," ती म्हणाली.

"भाषणं कशी होती?"

"होती तशीच. जेवण बरं होतं."

"आणखी काही?"

बस वळणावर दिसायला लागली होती. तिचं काळीज धडधडत होतं, या वयात, भर रस्त्यात; चेहरा तापला होता, आणि आसपासच्या लोकांना तो दिसू नये म्हणून तिने मान फिरवली.

"आणखी काही नाही रे."

तो हसला, नेहमीचं समाधानी हसू. "पडद्यांसाठी कापड बघून आलो. निळं. पण तू बघितल्याशिवाय घेणार नाही. ये लवकर."

"येते."

फोन बंद झाला तरी तिने तो कानालाच धरून ठेवला. सांगायला हवं, आज ना उद्या. सांगितलं तर तो चेष्टा करील. आणि नाही केली, नुसता गप्प बसला, तर... इतकी वर्षं आम्ही दोघांनी मिळून, एकमेकांच्या सोबतीने आशा सोडली होती, रोज थोडी थोडी, आणि म्हणून ते जड गेलं नाही. आज दुपारी मी एकटीच तिथून उठून आले. तो अजून माझ्याशीच बोलत बसलाय, आणि शेजारची खुर्ची रिकामी आहे हे त्याला कळलेलं नाही.