शेवंतीची शर्यत आणि रेषेवरचा कॅमेरा

मी एक कॅमेरा बोलतोय. आरंभीच हे नोंदवतो की या शर्यतीचे पहिले प्रक्षेपण मी पाहिलेले नाही. त्याविषयी जे सांगेन ते ऐकीव आहे, आणि ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच सांगावी, असे माझे मत आहे.

बिलोली तालुक्यातील एका गावी खंडोबाच्या जत्रेत घोड्यांची शर्यत होते. जिंकणारे जनावर दुसऱ्या दिवशी पालखीपुढे मानाने चालते. नायगावच्या केबल वाहिनीचे मालक हनुमंतराव यांनी गेल्या वर्षी ही शर्यत प्रथमच थेट दाखवायचे ठरवले. घोडे सुटले त्या क्षणी पडद्यावर एका पाहुण्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार चालला होता. सत्कार संपवून कॅमेरा मैदानाकडे वळला तेव्हा प्रेक्षकांना धूळ दिसली. त्या दिवशी वाहिनीला दोन फोन आले. आमची मालिका परत लावा, असे दोघांचेही म्हणणे होते.

मी त्या वेळी लातुरात एका कपाटात होतो. त्याआधी सहा वर्षे एका छायाचित्रकाराकडे मी लग्ने टिपली. मी रोखला गेलो की माणसे पाठ ताठ करतात, पदर सारखा करतात आणि चाललेले भांडण तात्पुरते थांबवतात, हे मी तिथे शिकलो. हलके, नवे कॅमेरे आले तसा मी कपाटात गेलो. तिथून मला तनुजाने आणले.

तनुजा हनुमंतरावांची पुतणी, नांदेडला विद्यापीठात शिकून आलेली. शर्यत पुन्हा दाखवायची आणि या वेळी लोकांनी ती बघायची, असा तिचा निश्चय होता. तिने गेल्या वर्षीचे चित्रण शेजारच्या कावेरीबाईंना दाखवले. कावेरीबाईंचा घोड्यांशी काही संबंध नव्हता; संध्याकाळच्या मालिका मात्र त्या एकही चुकवत नसत.

“आजी, खरं सांगा, काय कळलं?”

“घोडे पळाले, ते दिसलं की,” कावेरीबाई म्हणाल्या. “पर मागं राहिला त्याचं काय बिघडलं, ते न्हाई कळलं. मंग मी कशाला जीव टांगू?”

तनुजाने हे वाक्य वहीत लिहून घेतले. पुढचे पंधरा दिवस तिने मला घेऊन तबेले पालथे घातले. एरवी घोडे मालकाच्या गावावरून ओळखले जातात. तिने प्रत्येकाचे नाव, खोड आणि आवड विचारून घेतली. स्वारांना वेगवेगळ्या रंगांचे फेटे बांधायला सांगितले. नियम एका वाक्यात बसवला: चुन्याच्या फक्कीची रेषा जो आधी ओलांडेल, तो जिंकला. हनुमंतराव मात्र अस्वस्थ होते.

“सत्कार न्हाई दाखवला तर सरपंच रुसतील ना, पोरी.”

“शर्यतीनंतर दाखवू, काका. घोड्याला थांब म्हणता येत न्हाई, सरपंचांना येतं.”

त्याच फेरीत आम्ही देविदासकडे गेलो. तो शाळेची गाडी चालवतो आणि त्याची घोडी शेवंती, वय वर्षे तेरा, सलग तीन वर्षे दुसरी आली होती. मी तिच्याकडे पाहिले. तिने पाठ ताठ केली नाही. कडबा खात राहिली. मला ते आवडले.

“ही शेवटची शर्यत,” देविदास तनुजाला म्हणाला. “गुडघे बोलून राहिलेत तिचे. पालखीपुढं एकडाव चालली पायजे, ताई. मंग तिला पळवणार न्हाई, आन दुसरी घोडी बी घेणार न्हाई.”

एवढे बोलणे वाहिनीवर चार दिवस दाखवले गेले. पाचव्या दिवशी कावेरीबाईंनी तनुजाला अंगणातूनच हाक मारली, “अगं, शेवंतीचे गुडघे कसे हायत आता?”

पंचांनाही प्रक्षेपणाचे महत्त्व पटले. दरवर्षी निकालावरून वाद होत. यंदा शंका आली तर रेषेवरच्या कॅमेऱ्याचे चित्र प्रमाण मानायचे, असे त्यांनी जाहीर केले. रेषेवरचा कॅमेरा मी होतो. दुसरा सुरुवातीच्या टोकाला होता.

यानंतर तनुजाकडून एक चूक झाली. ती सांगताना मला तिच्याविषयी आकस नाही. निकाल लागल्यावर विजेत्याला देवळापाशी नेऊन त्याच्यावर भंडारा उधळायचा, ही तिथली रीत. घरी बसलेल्याला तो क्षण शर्यतीतच दिसावा, म्हणून यंदा भंडारा रेषेवरच उधळावा, असे तिने सुचवले. पंचांनी, देविदासने, सर्वांनी आनंदाने मान डोलावली. हळदीचा रंग उन्हात किती सुंदर दिसेल, याचा विचार सर्वांनी केला. हळदीपलीकडचे दिसेल का, हा विचार कोणी केला नाही. मी तर बोलूच शकत नव्हतो.

जत्रेच्या दिवशी नऊ घोडे सुटले. निम्म्या वाटेवर दोनच पुढे उरले: शेवंती, आणि शिरूर अनंतपाळच्या सिद्धलिंगचा काळा घोडा. देविदास तिच्या मानेवर वाकला होता. त्याने चाबूक उगारला नाही, हे मी खात्रीने सांगतो. रेषेला पंधरा पावले उरली असताना काळ्याचे नाक वीतभर पुढे होते आणि शेवंती ते अंतर तोडत होती. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी “येळकोट” झाले आणि शेकडो मुठी एकदम उघडल्या.

मी सेकंदाला पंचवीस चित्रे टिपतो. त्यानंतरची अठ्ठेचाळीस चित्रे पिवळी आहेत. पुढच्या चित्रात दोन्ही जनावरे रेषेच्या बरीच पलीकडे आहेत, आणि शेवंती मानभर पुढे आहे.

पंचांचे डोळेही हळदीने भरले होते. रेषा आधी तू ओलांडलीस का, असे त्यांनी सिद्धलिंगला विचारले. त्याला हो म्हणता आले असते.

“मला बी न्हाई दिसलं,” तो डोळे चोळत म्हणाला. “खंडोबाच्या दारात खोटं कसं बोलू? पुढं होतो, एवढं ठावं हाय. कुठवर होतो, ते न्हाई.”

तनुजा देविदाससमोर उभी राहिली.

“ताई, तुमी मुद्दाम केलं का?” तो म्हणाला. “पर जिंकली आसंल तर तिचं पालखीपुढं चालायचं राहिलंच ना.” मग तो शेवंतीच्या पापण्यांवरची हळद धोतराच्या सोग्याने पुसत बसला.

त्या दिवशी वाहिनीला तीनशेच्या वर फोन आले. मालिका लावा, असे कोणी म्हटले नाही. पहिला फोन कावेरीबाईंचा होता: “आमची शेवंती आली का न्हाई, तेवढं सांग.” तनुजाला ते सांगता आले नाही.

आता मी वाहिनीच्या कार्यालयात टेबलावर असतो. माझ्या सांध्यांत अजून हळद आहे. माझी विनंती एवढीच: लोकांना शर्यतीची गोडी जरूर लावा, पण आमच्यापैकी एकाला रेषा स्वच्छ दिसेल असे उभे करा. ज्यांना गोडी लागते, ते निकाल विचारतात.

यंदाची पालखी पुढे घोडा न घेता निघाली. देविदासने शेवंतीला पुन्हा पळवायचे की नाही, हे ठरवलेले नाही. तनुजा रोज ती अठ्ठेचाळीस चित्रे एकेक करून पाहते. एकतिसाव्या चित्रात पिवळ्यामागे रेषेपाशी काहीतरी गडद आहे. ते काळ्याचे नाक आहे की शेवंतीवर वाकलेल्या देविदासची सावली, हे अद्याप कोणालाही ठरवता आलेले नाही.