सारजाच्या दहाव्याचं भाषण

सावळाराम उसाला दारं धरत होता, तेवढ्यात गेणबा बांधावरनं ओरडतच आला. पाठचा भाऊ, पण तोंड असं की निम्मं शेळगाव गोळा व्हावं.

"नाना! घरावर कुणाचा झेंडा लावलास त्यो?"

"दिसतोय की. आमदार आण्णांच्या इरोधातल्या पक्षाचा."

"पस्तीस वर्सं आण्णांच्या म्होरं माईक धरलास, आन् म्हातारपणी ह्यो उद्योग? किती घेतलंस?"

सावळारामानं खोरं काळ्या चिखलात रोवलं. सकाळपासनं गावातल्या पाच जणांनी त्याला हेच विचारलं होतं. साठी उलटलेला गडी फिरला म्हणजे पैसाच खाल्ला असणार, दुसरं कारण कुणाच्या टाळक्यात शिरेल तर शपथ!

"ऋषिराजचं पंचायत समितीचं तिकीट आज-उद्या ठरतंय," गेणबा अंगावर आला. "सख्खा चुलता इरोधात गेल्यावर आण्णा माझ्या पोराला उभं करत्यात व्हय? आत्ताच्या आत्ता झेंडा काढ."

"न्हाय काढायचा."

"का पण?"

"सारजाच्या दहाव्याला तुझे आण्णा काय बोलले, सांग की."

सारजा म्हणजे सावळारामाची बायको, जाऊन तीन महिने झाले होते. नीरेच्या घाटावर सगळं गाव जमलेलं. आण्णांनी माईक घेतला आणि म्हणाले, 'बानूबाईंच्या जाण्यानं माझी बहीणच गेली.' त्या सकाळी त्यांनी गाठलेला हा तिसरा दहावा होता. सारजाची बानूबाई झाली, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

"चुकलं आसंल एखांद्या वेळी. तेवढ्यापायी कुणी पक्ष सोडतं?"

"दरवेळी चिठ्ठी मी द्यायचो, गेणबा. मेल्याचं नाव, घरच्यांची नावं, पोरं किती. मला वाटायचं, मोठा माणूस, किती ध्यानात ठेवील? त्या दिवशी मीच डोकं भादरून बसलेलो, मग चिठ्ठी देणार कोण?" त्यानं चिखलातलं खोरं उपसलं. "आरं, पस्तीस वर्सं तिच्या हातचं जेवला त्यो माणूस! वाढणारीचं नाव कधी इचारलं न्हाय. आन् मी गावभर सांगत हिंडलो, आण्णा आपला माणूस हाय म्हणून. लोकांनी माझ्या तोंडाकडं बघून मतं दिली. लाज वाटती रं मला."

"मेलेल्या बाईपायी जित्या पोराचं वाटोळं करतोस!" गेणबा किंचाळला. "वैनीनंच वाढवलंय त्याला. शेवटचं इचारतो, झेंडा काढतोस का न्हाय?"

"न्हाय."

"मग आजपासनं तू मेलास मला!"

सावळारामानं खाली वाकून पुढल्या सरीचं तोंड फोडलं, पाणी आत सोडलं आणि मान वर न करताच म्हणाला,

"बरं. मग माझ्या दहाव्याला बोलाव तुझ्या आण्णास्नी. चिठ्ठी मातूर आत्ताच लिवून ठेव."