नानांच्या चेहऱ्याचे मेण

मित्रांनो, मी एक जुना मेणाचा मुखवटा आहे. जुना म्हणजे सहाच वर्षांचा. पण मेणाच्या अंगाने मी नागपूरचे सहा उन्हाळे काढले आहेत, याचा थोडा मान ठेवा.

नागपूरच्या महाल भागात राहणाऱ्या उत्तराताई प्राचीन रोमच्या कलेचा आणि अंत्यविधींचा अभ्यास करतात. दोन हजार वर्षांपूर्वी तिथली मोठी घराणी आपल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे कपाटात जपत. घरात कोणी गेले की ते बाहेर निघत, आणि माणसे ते तोंडावर लावून अंत्ययात्रेत चालत. त्यांतला एकही आज उरलेला नाही. तो कसा दिसत असेल हे कळावे, म्हणून ताईंनी आपल्या वडिलांना, नानांना, पलंगावर निजवले. नाकपुड्या मोकळ्या ठेवून चेहऱ्यावर तेल आणि ओले प्लास्टर थापले. त्या साच्यात मेण ओतले आणि मी जन्मलो, एकूण एक सुरकुती घेऊन. रोमन लोकांना असाच चेहरा आवडे.

पहिल्याच मे महिन्यात माझा डावा गाल ओघळला. ताईंनी मला फ्रीजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवले. नाना म्हणाले, "माणसाले मेल्यावर बरफात ठेवतात वं. मले जित्तेपणीच काहून ठेवून राहिली?"

गेल्या वर्षी नाना गेले. ताईंचे धाकटे भाऊ ऋषी यांनी त्यांचा फोटो मोठा करून आणला. त्यात सुरकुती औषधालाही नव्हती. तेरवी आटोपल्यावर त्यांनी गॅसवर पातेले ठेवले.

"मेलेल्या माणसाचं तोंड घरात ठेवत नाहीत ताई. दे इकडे, वितळवून टाकतो."

ताई भांडणाऱ्या नाहीत. मला छातीशी धरून म्हणाल्या, "माझ्याजवळ त्यांचा हा एकच खरा चेहरा आहे."

ऋषींनी हात पुढे केलाच. तेव्हा दोघांच्या आई उठल्या.

"आपल्या महालक्ष्म्यांचे मुखवटे वर्षभर कुठं असतात रे?"

"कपाटात."

"मग यांनाच काहून वितळवून राहिला?"

"त्या देवी आहेत, आई."

"म्हणून त्या वरच्या खणात. हे खालच्या खणात राहतील. जन्मभर माझ्या डोक्यावर बसले, आता बसू दे खाली." आईंनी गॅस बंद केला.

मी दिसायला चांगला नाही, हे मला ठाऊक आहे. पाहुणे आले की ऋषी अजूनही कपाटाचे दार ओढून घेतात. घेऊ द्या. फोटोतले नाना पाहुण्यांसाठी आहेत. शेवटच्या आजारपणात ताईच नानांची दाढी करत; त्यांना विचारा, नाना कोणासारखे दिसत होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे काही वेडेवाकडे जपलेले असेल. ते टाकायचे की ठेवायचे, हे सांगणारा मी कोण? पण टाकण्याआधी पाच मिनिटे त्याच्याकडे नीट बघा. ऋषींनी अजून तेवढे केलेले नाही. तोवर मी या खणातून हलणार नाही.