देवकाबाईंच्या पसंतीचं गाणं

चौऱ्याऐंशीच्या हिवाळ्यात गिरडचे बाबाराव सेवाग्रामच्या दवाखान्यात होते. चिंचेवरून पडून मांडीचं हाड मोडलं होतं. आता हाड जुळलं, प्लास्टरही निघालं, पण बाबाराव पाय टेकवायला तयार होईनात. व्यायाम करून घेणाऱ्या सुलोचनाने समजावलं, दटावलं. ते भिंतीकडे तोंड करून बसत.

शेवटी तिने घरचा टेपरेकॉर्डर आणला. नागपूरला शिकणाऱ्या भावाने तिला विलायती रॉक गाण्यांची कॅसेट भरून दिली होती. तालावर पाऊल पडलं तर पडलं, एवढीच आशा. पहिलं गाणं ऐकून बाबाराव म्हणाले, हा तर उधळलेला गोऱ्हा. दुसऱ्यातली गिटार ऐकून त्यांना आपलंच दुखणं आठवलं. तिसऱ्यातला ड्रम मात्र एका चालीने जात होता, ओझ्याच्या बैलासारखा. ते त्यांना पटलं. रोज त्याच गाण्यावर ते व्हरांड्यात चालू लागले. पण एका हातात काठी आणि दुसऱ्यात सुलोचनाचा दंड. दोन्हींपैकी एकही सुटेना.

त्यांची बायको देवकाबाई बाकावर बसून हे रोज बघत होती. एका सकाळी बाबाराव खाटेवर टेकले असताना तिने सुलोचनाला कॅसेट पलटवायला सांगितली. त्या बाजूचं एक संथ गाणं तिने जाता-येता ऐकलं होतं.

"काऊन लावलं हे रडगाणं?" बाबाराव ओरडले.

"तुमचं रोजच होऊन राह्यलं. आज माह्यं," देवकाबाई म्हणाली. "कोनी लय लांबून हाका मारून राह्यलं, असं वाटते मले."

बंद कर म्हणून त्यांनी दोनदा बजावलं. ती ढिम्म हलेना. तेव्हा तणतणत ते उठले आणि टेपरेकॉर्डरचं बटण दाबायला निघाले. सुलोचना पुढे झाली, तोच देवकाबाईने तिचा पदर धरला. अर्ध्या व्हरांड्यात बाबारावांच्या ध्यानात आलं, हात मोकळे आहेत. काठी खाटेपाशीच राहिली होती. ते थबकले. चेहरा पांढरा पडला.

"आता आलेच हाव, तर इथं येऊन बसा," देवकाबाई म्हणाली.

बाबारावांनी एकदा मागे खाटेकडे पाहिलं. मग सावकाश चालत तिच्याजवळ आले, बाकावर टेकले आणि गाणं संपेपर्यंत तिचा हात धरून राहिले.

पुढल्या आठवड्यात ते पायी चालत एस.टी.त चढले. ते गाणं मात्र त्यांना शेवटपर्यंत आवडलं नाही.