मेथीच्या दह्याचा सट

मित्रांनो, मी चिनी मातीचा एक जुना सट आहे. जर्मनीत, बॉनजवळच्या एका कुंभारगावात मला भट्टीतून काढले, तेव्हा माझ्या अंगावरची निळी फुले चकाकत होती. पुढे कितीतरी हिवाळे एका जर्मन आजीबाईंनी माझ्यात कोबी आंबवला. त्या गेल्यावर मी जुन्या बाजारात आलो आणि तिथेच स्थायिक झालेल्या शैलाताईंच्या नजरेस पडलो.

"दह्याला अगदी बेताचा आहे," असे म्हणून त्यांनी मला घरी आणले.

त्यांचे यजमान उल्हासराव इंजिनिअर. त्यांना मधुमेह निघाला, तशी शैलाताई कोमट दुधात विरजणासोबत मेथीची पूड घालू लागल्या. पहिला घास घेऊन उल्हासराव म्हणाले, "अगं, हे दही आहे की काढा?"

मग मेथी भाजून, थोडी कमी घालणे सुरू झाले. दही त्यांच्या अंगवळणी पडले. जेवणानंतरची साखर जराशी उतरली. पाहुणे आले की उल्हासराव मला टेबलावर मांडून माझे कौतुक करत. मीही फुशारून गेलो होतो.

त्याच भरात त्यांनी कोणाला न सांगता गोळ्या सोडल्या. रोज सकाळी ते गोळी हळूच खिशात टाकत आणि मी ओट्यावरून बघत राही. तीन आठवड्यांत त्यांना तहान आवरेना, डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले. मुलगी नीना भेटायला आली होती. तिने बोट टोचून साखर मोजली. तीनशे ऐंशी!

"पापा, टाब्लेटन? गोळ्या घेताय ना?" तिने विचारले.

"दही खातोय ना मी," उल्हासराव पुटपुटले.

नीना रडत रडत जर्मनमध्ये ओरडली आणि त्यांना इस्पितळात घेऊन गेली.

चार दिवसांनी ते परतले. "नको ते दही आणि नको तो सट!" म्हणत शैलाताईंनी मला तळघरात नेऊन ठेवले. तिथे जुन्या सुटकेसांमध्ये मी वर्षभर धूळ खात पडलो.

एके दिवशी उल्हासराव स्वतः खाली उतरले आणि धापा टाकत मला वर घेऊन आले.

"शैला, डॉक्टर म्हणतात दही चालेल, पण गोळी सुटायची नाही. चूक माझी होती गं, या सटाची नाही."

शैलाताईंनी गोळ्यांची डबी त्यांच्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "अहो, आधी गोळी घ्या. माझ्यासमोर. मग विरजण लावते."

मित्रांनो, मेथीच्या दह्याने थोडी मदत होते, थोडीच. आम्हा जुन्या भांड्यांना घासूनपुसून वापरा, अडगळीत टाकू नका. पण आमच्या भरवशावर औषध मात्र सोडू नका. मला वाचा असती, तर उल्हासरावांनी पहिली गोळी खिशात टाकली, तेव्हाच मी हे ओरडून सांगितले असते.