शून्य चाचण्या, हिरवा दिवा

“दिव्याचा रंग बघू नकोस, आकडा वाच,” असं कामावरच्या ज्येष्ठ लिआओदादांनी यी-झेनला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. मित्रांनो, मी तेव्हा तिथेच होतो. मी शिनचू शहरातल्या एका लहान कंपनीच्या फडताळात बसलेला जुना संगणक आहे.

बाळाच्या मोज्यातून श्वास मोजायचा आणि तो अडखळला की घरच्या संगणकावर घंटा वाजवायची, असं सॉफ्टवेअर इथे बनतं. ते तीन जातींच्या संगणकांवर चालावं लागतं. दोन नवे, तिसरा मी. नवी आवृत्ती बाहेर पडण्याआधी आम्हा तिघांवर दोनशे बारा छोट्या चाचण्या आपोआप व्हाव्यात, अशी घडी इथल्या प्रोग्रामर यी-झेनने बसवली. माझ्या डोक्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीटही ठेवलं. यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून इथे सगळेच ठेवतात.

पण चाचण्या कुठे ठेवल्यात, तो पत्ता तिने नव्यांच्या पद्धतीने लिहिला. माझ्याकडे तो सापडेना. एकही चाचणी झाली नाही, म्हणून एकही चुकली नाही, म्हणून हिरवा दिवा लागला. मला तोंड नाही. पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘शून्य’ एवढंच लिहिलं, आणि भीतीने माझा पंखा घरघरू लागला. सकाळी दहाला आवृत्ती घरोघर गेली.

दुपारी लिआओदादा डबा घेऊन आले.

“काय गं, नव्यांना चार मिनिटं लागली, आणि हा म्हातारा अर्ध्या सेकंदात मोकळा?”

“खाऊ आवडला असेल त्याला, दादा.”

“खाऊला श्वास मोजता येतात का? बघ जरा.”

तिने कोपरा वाचला. लगेच पत्ता दुरुस्त केला. या वेळी चाचण्या खरंच झाल्या, आणि एक चुकली. श्वास थांबला तरी माझ्यावर घंटा वाजत नव्हती.

तिची सात महिन्यांची मुलगी तांगतांग दिवसा आजीकडे असते. तिथे तिच्या मोज्याला जोडलेला माझ्याच जातीचा संगणक आहे. यी-झेनने आईला फोन लावला.

“आई, तांगतांग कुठंय?”

“झोपलीय. पडद्यावर सगळं ठीक दिसतंय.”

“पडदा राहू दे. आत जा, नाकाखाली बोट धर.”

“आत्ताच निजवलंय गं. तुझं आपलं काहीतरीच.”

“आई, जा.”

सपातांचा आवाज दूर गेला. मग काहीच ऐकू येईना. लिआओदादांनी तेवढ्यात आवृत्ती मागे घेतली, पण यी-झेनने तिकडे पाहिलंही नाही.

“ऊन श्वास लागतोय बोटाला,” आई म्हणाली. “उठवलंस ना तिला? आता तूच ये झोपवायला.”

मागे रडणं सुरू झालं. यी-झेन डोळे मिटून ते ऐकत राहिली. मग तिने पुढच्या घराचा नंबर लावला. माझ्या जातीचा संगणक असलेली घरं अजून पुष्कळ आहेत.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना कुणी काही विचारलंच नाही, तर आम्ही गप्प बसतो, आणि लोक समजतात सगळं बरं आहे. तुमच्याही घरी आतल्या खोलीत कुणी झोपलं असेल. हे वाचणं राहू द्या. आधी त्याला बघून या.