डेलबर्टला घेऊन मी राजधानीला गेले

मी एक जुनी पावाची गाडी आहे. आज माझी चाकं मातीत रुतली आहेत आणि इंजिनात चिमण्यांनी संसार थाटलाय. पण मित्रांनो, मीही एकदा थेट राजधानीवर धडकले होते!

अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या एका लहान गावात मार्लीन नोवोत्नी यांची बेकरी होती. कारखान्यातून मी कोरी करकरीत तिथेच आले. ताजे पाव आणि ‘कोलाचे’ नावाचे जर्दाळू भरलेले गोड बन घेऊन मी गावभर फिरे. माझ्या वासानेच लोक दारं उघडत. भट्टी डेलबर्ट सांभाळी. त्याला मधुमेह होता. दुकानात माणसं मोजकीच. म्हणून त्याच्या एकट्याच्या आजारापायी विमा कंपनी सगळ्यांच्या आरोग्य विम्याचा हप्ता दरवर्षी चढवी.

मग बातमी आली, की सगळ्या छोट्या दुकानांना एकाच गटात धरून विमा द्यावा, असा कायदा येतोय. गावात नुसती रणधुमाळी! मार्लीनबाई कायद्याच्या बाजूने, तर हार्डवेअरवाला वॉल्ट केसलर कट्टर विरोधी. दोघांनाही राज्याच्या राजधानीत, विधानभवनातल्या समितीपुढे बोलायचं होतं आणि नेमकी त्याच सकाळी वॉल्टची गाडी बंद पडली.

“चल, बस मागे पावाच्या ट्रेशेजारी,” मार्लीनबाई म्हणाल्या. “भांडायलाच जायचंय ना? एकत्र जाऊ.”

वाटेत त्यांनी माझं छप्पर डोक्यावर घेतलं.

“माझ्या दुकानातली पोरं धडधाकट आहेत. डेलबर्टच्या साखरेचा भार मी का उचलायचा?” वॉल्ट म्हणाला.

“आणि उद्या तुझा एखादा पोरगा शिडीवरून पडला म्हणजे?”

“तू आधी रस्त्याकडे बघ, नाहीतर आजच सगळे पडू!”

तेवढ्यात बाईंनी सोबत आणलेला डेलबर्ट हळूच म्हणाला, “भांडू नका. मी काम सोडतोय. मी गेलो की बाकीच्यांचा हप्ता उतरेल.”

बाईंनी मला कडेला थांबवलं. “अरे, मग तुला विमा कोण देणार?”

“बघू,” तो म्हणाला. बाईंनी मला पुन्हा रस्त्याला लावलं.

विधानभवनात काय घडलं, ते मला परतताना कळलं. तिघंही एकदम बोलत होते! वॉल्टचं नाव पुकारल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, “मी विरोधातच आहे. पण माझ्या वेळात हा माणूस बोलेल.”

डेलबर्ट टोपी चुरगाळत उठला. “साहेब, मी आयुष्यभर पाव भाजले. माझ्या आजारामुळे माझ्या सोबत्यांना भुर्दंड पडतो, म्हणून मी जायला निघालोय. मी कुणाचं काय चोरलंय?”

मग मतदान झालं. अवघ्या एका मताच्या फरकाने समितीने कायदा पुढे नेला!

“मी अजून विरोधातच आहे, बरं का!” माझ्यात मागे बसलेला वॉल्ट ओरडला.

“हो रे बाबा! आधी तोंडातला कोलाचे गिळ,” बाई म्हणाल्या. डेलबर्ट तर रडता रडता हसत होता. मी हॉर्न वाजवत गावात शिरले तेव्हा माझा पत्रान् पत्रा थरथरत होता.

पुढे कायदा झाला. वॉल्टचा हप्ता थोडा वाढला. त्यावरून तो बेकरीत येऊन रोज कुरकुरे. डेलबर्ट मात्र केस पिकेपर्यंत भट्टीवर राहिला.

आता नवी गाडी आलीय. माझ्याकडे कुणी फिरकत नाही. मित्रांनो, जमलं तर माझ्यावर एखादी ताडपत्री टाका. नाही जमलं तरी चालेल, मी पत्र्याची आहे. पण तुमच्यातलं कुणी आजारी पडलं, तर ओझं हलकं करायला त्याला वाटेत उतरवू नका. थोडं सरकून बसा.